कॅलिबर उघडत नाही, तेव्हा काय करायचं?

ई-पुस्तकं जमवणं, लावून ठेवणं आणि वाचणं यासाठी कॅलिबर हा मोफत प्रोग्रॅम खूप जण वापरतात. तो सुरूच होत नाही, या एकाच तक्रारीचे वेगवेगळे प्रश्न आमच्याकडे आले आहेत. वरून सगळे सारखे दिसत असले तरी मूळ कारणं निराळी आहेत.

प्रश्न : विंडोज ११ वर कॅलिबर नीट चालत होतं. आता चिन्हावर दोनदा क्लिक केलं की माउसजवळचं वर्तुळ क्षणभर फिरतं आणि थांबतं. खिडकीही उघडत नाही आणि कसला संदेशही येत नाही. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला, तरी तेच. लायब्ररीत सुमारे १,४०० पुस्तकं आहेत. लायब्ररीचं फोल्डर पुसून नव्याने सुरुवात करावी का?

उत्तर : मुळीच नाही. त्या फोल्डरला हातही लावू नका. कॅलिबरच्या तीन गोष्टी तीन ठिकाणी राहतात. प्रोग्रॅम असतो 'प्रोग्रॅम फाइल्स'मधल्या 'कॅलिबर२' या फोल्डरमध्ये. सेटिंग आणि प्लगइन (जादा सोयींसाठी जोडलेले छोटे प्रोग्रॅम) असतात तुमच्या खात्याच्या 'ॲपडेटा'मधल्या 'रोमिंग'खाली, 'कॅलिबर' नावाच्या फोल्डरमध्ये. आणि पुस्तकं असतात लायब्ररीत. काढून पुन्हा टाकल्याने फक्त पहिली गोष्ट बदलते. बिघाड दुसरीत असेल तर दहा वेळा टाकूनही फरक पडणार नाही. तुमच्याकडे बहुधा तेच झालं आहे.

आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. 'कॅलिबर' किंवा 'कॅलिबर-पॅरलल' नावाचं काही यादीत अडकून बसलं असेल तर ते बंद करा आणि पुन्हा क्लिक करून बघा. कॅलिबरची एका वेळी एकच प्रत चालते. आधीची प्रत मेमरीत लटकलेली असली की नवी वर येत नाही.

एवढ्याने काम झालं नाही तर अंदाज बांधत बसू नका, प्रोग्रॅमलाच बोलतं करा. विंडोजची कळ आणि आर दाबा, सीएमडी ही तीन अक्षरं टाइप करून एंटर करा. काळी खिडकी येईल. तिच्यात इंग्रजी लहान अक्षरांत 'कॅलिबर', मग जोडरेघ, मग 'डिबग' असं सलग लिहा, एक जागा सोडा आणि उणे चिन्हाला चिकटून 'जी' लिहून एंटर करा. कॅलिबर सुरू होण्याचा प्रयत्न करतं आणि कुठे अडलं ते याच खिडकीत ओळीने छापतं. सुरुवातीला आवृत्ती दिसते, मग बाहेरून टाकलेल्या प्लगइनची नावं. खरं कारण मात्र शेवटच्या दोन-तीन ओळींत असतं, म्हणून वाचन खालून वर करा.

त्या ओळींमध्ये 'कॅलिबर_प्लगइन्स' हा शब्द आला तर दोष एखाद्या प्लगइनचा. आवृत्ती बदलल्यावर हे हमखास होतं. २०२० मध्ये ५.० आली तेव्हा कॅलिबर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ३ आवृत्तीवर गेलं, २०२२ मध्ये ६.० आली तेव्हा क्यूटी ६ वर; क्यूटी म्हणजे खिडक्या आणि बटणं दाखवणारा सुटा भाग. दोन्ही वेळा जुनी, कोणी सांभाळत नसलेली प्लगइन मोडली. खात्री करायला त्याच काळ्या खिडकीत 'कॅलिबर' लिहून एक जागा सोडा आणि दोन उणे चिन्हांना जोडून 'इग्नोर-प्लगइन्स' लिहा. असं सुरू झालं तर गुन्हेगार सापडला. मग कॅलिबर बंद करा, सेटिंगच्या फोल्डरमधल्या 'प्लगइन्स'मध्ये जा आणि ओळीत ज्याचं नाव आलं होतं ती झिप फाइल दुसरीकडे हलवा. सगळी प्लगइन एकदम उडवायची गरज नाही.

'परमिशन एरर' दिसला तर कोणीतरी फाइल लिहू देत नाही. बहुतेकदा तो अँटिव्हायरस असतो, किंवा विंडोजमधलं रॅन्समवेअरपासूनचं (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमपासूनचं) संरक्षण. लायब्ररी डॉक्युमेंट्समध्ये असेल आणि हे संरक्षण चालू असेल, तर अनोळखी प्रोग्रॅमला तिथे लिहिता येत नाही. विंडोज सिक्युरिटीत जाऊन कॅलिबरला परवानगी द्या. संरक्षण कायमचं बंद करून ठेवू नका.

ओळींवरून काहीच बोध होत नसेल तर सेटिंगचं फोल्डर बाजूला करायचं. विंडोजची कळ आणि आर दाबून टक्केवारीच्या दोन चिन्हांच्या मध्ये 'ॲपडेटा' असं इंग्रजीत लिहा आणि एंटर करा. समोर आलेल्या 'कॅलिबर' फोल्डरचं नाव 'कॅलिबर-जुनं' करा. पुसू नका, फक्त नाव बदला. उपयोग झाला नाही तर परत आणता येतं. आता कॅलिबर पहिल्यांदाच आल्यासारखं स्वागताचे प्रश्न विचारेल. यातला लायब्ररी कुठे ठेवायची हा प्रश्न नीट वाचा. तिथे तुमचं जुनंच फोल्डर दाखवा, म्हणजे ज्यात 'मेटाडेटा.डीबी' ही फाइल आहे ते. घाईत नवं रिकामं फोल्डर निवडलं तर कॅलिबरची स्वतःची ओळखपुस्तिका सोडून काहीच दिसत नाही आणि सगळी पुस्तकं गेली असं वाटून काळजात धस्स होतं. पुस्तकं असतात तिथेच असतात; लायब्ररी बदलून जुनं फोल्डर निवडलं की परत दिसतात.

प्रश्न : खाली टास्कबारवर कॅलिबरचं चिन्ह येतं, पण खिडकी दिसत नाही. अलीकडेच दुसरा मॉनिटर काढला आहे.

उत्तर : प्रोग्रॅम सुरू आहे, फक्त खिडकी आता नसलेल्या पडद्यावर उघडली आहे. कॅलिबर खिडकीची मागची जागा लक्षात ठेवतं. टास्कबारवरच्या चिन्हावर एकदा क्लिक करा, ऑल्ट आणि स्पेस दाबा, मग एम दाबा. आता कुठलीही बाणाची कळ एकदा दाबून माउस हलवा. खिडकी माउसला चिकटून आत येते. विंडोजची कळ, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण यांनीही ती दुसऱ्या पडद्यावर उडी मारते. चिन्ह टास्कबारवर नसून उजव्या कोपऱ्यातल्या छोट्या बाणाखाली दडलेलं असेल, तर तिथे क्लिक केलं की पुरतं.

प्रश्न : 'डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड' असा संदेश येतो आणि कॅलिबर बंद होतं. लायब्ररी क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये ठेवली आहे, दोन संगणकांवरून वापरतो.

उत्तर : पुस्तकांच्या फाइल्स शाबूत आहेत. बिघडली आहे ती 'मेटाडेटा.डीबी', म्हणजे पुस्तकांची नोंदवही. कॅलिबर या एकाच फाइलमध्ये थोडं थोडं लिहीत असतं. लिहिणं अर्धवट असतानाच क्लाउडचा प्रोग्रॅम तिची प्रत उचलतो, किंवा दुसऱ्या संगणकावरची जुनी प्रत तिच्यावर आणून टाकतो. एवढ्याने ती मोडते. क्लाउडवर बॅकअप जरूर ठेवा, पण चालती लायब्ररी तिथे ठेवू नका. नेटवर्कवरच्या डिस्कवरही नको.

दुरुस्तीआधी क्लाउडची देवाणघेवाण थांबवा आणि अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. ही पायरी गाळू नका. मग कॅलिबर बंद असताना काळ्या खिडकीत 'कॅलिबरडीबी' लिहा, जागा सोडून 'रीस्टोर_डेटाबेस' (मधली रेघ खालची), पुढे दोन उणे चिन्हांसह 'रिअली-डू-इट' आणि शेवटी तशाच दोन उणे चिन्हांसह 'विथ-लायब्ररी' लिहून अवतरणचिन्हांत फोल्डरचा पत्ता द्या. हे चालतं कारण प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरमध्ये 'मेटाडेटा.ओपीएफ' नावाची छोटी फाइल असते. तिच्यात शीर्षक, लेखक, मालिका, टॅग असं सगळं असतं. कॅलिबर त्या एकेक वाचून नोंदवही नव्याने बांधतं. जुनी बिघडलेली फाइल 'प्री_रीस्टोर' अशी शेपटी लावून तिथेच ठेवली जाते.

जतन केलेले शोध, स्वतः केलेले वर्ग आणि पुस्तकागणिक ठेवलेली रूपांतराची सेटिंग मात्र परत येत नाहीत. ओपीएफ फाइल्स कॅलिबर सवडीने लिहितं, त्यामुळे बिघाडाच्या अगदी आधी केलेले बदलही हरवलेले असू शकतात.

फोल्डर उघडलंच आहे म्हणून आणखी एक : मराठी पुस्तकांच्या फोल्डरची नावं रोमन अक्षरांत वेडीवाकडी दिसली तर ती हाताने सुधारू नका. कॅलिबर स्वतःच तशी करतं आणि नोंदवहीत तोच पत्ता लिहिलेला असतो. नाव बदललं की पुस्तक सापडेनासं होतं.

प्रश्न : जुना ३२ बिटचा लॅपटॉप आहे. नवीन कॅलिबर त्यावर बसतच नाही.

उत्तर : बसणार नाही. ६.० पासून कॅलिबरला ६४ बिटची प्रणाली लागते. ५ मालिकेतली शेवटची ५.४४ ही आवृत्ती घ्या. जुन्या आवृत्त्या कॅलिबरच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात, इतर ठिकाणाहून घेऊ नका. आणि एकच लायब्ररी नव्या-जुन्या अशा दोन आवृत्त्यांनी आलटून पालटून उघडू नका.

प्रश्न : उबंटू या लिनक्स प्रणालीवर चिन्हावर क्लिक करून काहीच होत नाही.

उत्तर : टर्मिनलमधून वरचीच डिबगची आज्ञा द्या. 'लिबओपनजीएल' किंवा 'एक्ससीबी-कर्सर' असं नाव येऊन फाइल सापडत नाही असं म्हटलं, तर तेवढाच सुटा भाग कमी आहे. 'लिबओपनजीएल०', 'लिबईजीएल१' आणि 'लिबएक्ससीबी-कर्सर०' ही तीन पॅकेजं एपीटीने, म्हणजे उबंटूच्या पॅकेज टाकायच्या आज्ञेने, टाका. यातलं शेवटचं आठवणीने टाका. क्यूटीच्या ६.५ आवृत्तीपासून ते लागतं आणि मोजकेच भाग घेऊन बसवलेल्या प्रणालीत ते बरेचदा नसतं.