प्लेस्टेशन जरूर घ्या, सात गेम मात्र एकदम नकोत

प्रश्न: मी ऐरोलीत भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहतो, वय 30, आयटीत नोकरी. पगार हातात 68,000 रुपये येतो. भाडं 21,000, साताऱ्याला आईवडिलांना 10,000, घरखर्च 17,000, एसआयपी 8,000 आणि बाइकचा हप्ता 4,200; तो अजून चार महिने आहे. पत्नीचं बी.एड. चालू असल्याने सध्या कमावता मी एकटाच. 90,000 ची एफडी आहे, टर्म विमा आहे, आईवडील कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत. मला पीएस5 (प्लेस्टेशन 5, टीव्हीला जोडून गेम खेळायचा सोनीचा कन्सोल) घ्यायचा आहे. कन्सोल 55,000, दुसरा कंट्रोलर 6,000 आणि सात गेम मिळून 24,000, असे 85,000 रुपये बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर टाकावेत असा विचार आहे. गेम असे: एल्डन रिंग (मित्राकडे खेळलोय, डोक्यातून जात नाही), बाल्डर्स गेट 3 (सगळे म्हणतात याच्यासारखा दुसरा नाही), सायबरपंक 2077, स्पायडरमॅन 2, अ‍ॅस्ट्रो बॉट, इट टेक्स टू (बायकोबरोबर खेळायला) आणि यंदाचा ईए एफसी (फुटबॉलचा, ऑफिसच्या मित्रांसाठी). जीटीए 6 आला की तो वेगळा. आठवड्याला सहा तास खेळायला मिळतील. वडील म्हणतात, हा जुगारच आहे. मी चुकतोय का?

उत्तर: आधी वडिलांच्या शंकेबद्दल. ती काळजीपोटी आहे, तेव्हा त्यांना नीट समजावून सांगा. ज्यात पैसे लावून पैसे जिंकायचे असतात, त्या ऑनलाइन मनी गेमवर केंद्र सरकारने 2025 च्या कायद्याने बंदी घातली. पीएस5 वर गोष्ट खेळणं हा तो प्रकार नाही. तुमच्या यादीत एका ठिकाणी मात्र वडिलांचं म्हणणं खरं ठरू शकतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

छंदावर खर्च करू नका असं मी कोणालाच सांगत नाही. मी स्वतः खेळते, आणि चांगला गेम आठवडाभराचा शीण कसा घालवतो हे मला ठाऊक आहे. तुम्ही एसआयपी बंद न करता, आईवडिलांचे पैसे न कापता हा प्रश्न विचारलात, याचंही मला कौतुक वाटतं. कन्सोल घ्याच. माझा आक्षेप ईएमआयला आहे आणि सात गेम एका दिवशी घेण्याला आहे.

तुमच्या आकड्यांनुसार सगळं वजा जाता महिन्याला 7,800 रुपये उरतात. 85,000 चा बारा महिन्यांचा हप्ता 7,083. म्हणजे हातात सातशे रुपये. पुढच्या चार महिन्यांत साताऱ्याला अचानक जावं लागलं, मोबाइल पडला, बी.एड.ची कसली फी भरायची निघाली, तर तो पैसा कुठून येणार? एफडीतून. आणि ती एफडी आजच पुरेशी नाही. तुमचा अटळ खर्च महिन्याला 52,200 आहे, म्हणजे 90,000 मध्ये दोन महिनेही निघत नाहीत. दोघे कमावते असता तर मी इतकं ताणलं नसतं. एका पगारावर घर चालतं तेव्हा किमान तीन महिन्यांचा खर्च बाजूला हवाच, आणि पत्नीला नोकरी लागेपर्यंत तो तसाच राहायला हवा.

आता ‘नो-कॉस्ट’बद्दल. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावलं होतं. त्यानंतर योजनेची मांडणी बदलली. बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी रक्कम सवलत म्हणून आधी कमी करतो. त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी मात्र तुमच्या खिशातून जातो. वर्षाला 16 टक्के दर धरला तर तुमच्या बाबतीत व्याज साधारण सात हजार, त्यावर जीएसटी बाराशे-साडेबाराशे. शिवाय प्रोसेसिंग फी. वर कार्डाची 85,000 ची मर्यादा अडकते, ती हप्त्याहप्त्याने मोकळी होते. रोख घेणाऱ्याला दुकानदार जी सूट देतो, तीही ईएमआयवाल्याला बहुतेक वेळा मिळत नाही. रक्कम फार मोठी नाही, हे मान्य. पण एका चांगल्या छोट्या गेमची किंमत त्यात नक्की निघते.

माझी खरी काळजी त्या 24,000 ची आहे. तुम्ही आठवड्याला सहा तास म्हणता, म्हणजे वर्षाला तीनशे. परीक्षा, पाहुणे, गणपती, गावची लग्नं धरली तर अडीचशे. एल्डन रिंग, बाल्डर्स गेट 3 आणि सायबरपंक हे तीनच गेम मनापासून खेळले तर दोनशे तास सहज खातात. उरलेले चार मग कधी? ते कपाटात राहणार, आणि त्याच काळात त्यांची किंमत उतरत जाणार. माझ्याकडे येणाऱ्या वर्तकनगरच्या एका कुटुंबात टीव्हीखालच्या कपाटात मी डिस्कचे खोके पाहिले आहेत, वरचं प्लास्टिकही न फोडलेले. एकावर अजून किमतीचं स्टिकर होतं, 4,999. तोच गेम सेलमध्ये अर्ध्या किमतीला आला होता. गेम ही अशी वस्तू आहे की ती थांबणाऱ्याला स्वस्त मिळते, आणि बऱ्याचदा जास्त चांगलीही मिळते.

सायबरपंकचंच पाहा. 10 डिसेंबर 2020 ला तो आला तेव्हा जुन्या कन्सोलवर इतका मोडका होता की आठवडाभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढून टाकला आणि लोकांना पैसे परत केले. जून 2021 मध्ये तो परत आला. सप्टेंबर 2023 मध्ये 2.0 अपडेट आणि फँटम लिबर्टी हा जोडभाग आल्यावर तो खऱ्या अर्थाने पूर्ण झाला. पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजणाऱ्यांना अर्धवट गेम मिळाला. तीन वर्षं थांबलेल्यांना कमी पैशात उत्तम गेम मिळाला. आज तो घेण्यासारखा आहे, यात वाद नाही. पण जुलै 2025 मध्ये तो प्लेस्टेशन प्लस या सोनीच्या वर्गणीच्या योजनेतल्या एक्स्ट्रा कॅटलॉगमध्येही आला. त्यामुळे विकत घेण्याआधी तो तिथे अजून आहे का ते पाहा. त्या यादीतून गेम काढलेही जातात.

याच कारणाने जीटीए 6 ची प्री-ऑर्डर नको. तो बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने त्याची तारीख आधी 2025, मग 26 मे 2026 आणि नंतर 19 नोव्हेंबर 2026 अशी पुढे नेली. डिजिटल प्रत संपत नसते, त्यामुळे आधी पैसे अडकवण्याला काही अर्थ नाही. आल्यावर दोन आठवडे लोकांचं म्हणणं ऐका, मग ठरवा.

बाल्डर्स गेट 3 बद्दल तुम्ही ‘सगळे म्हणतात’ असं लिहिलंय, तिथे मी थबकले. लॅरियन कंपनीने 2023 मध्ये आणलेला हा गेम खरोखर मोठा आहे, मला तो अतिशय आवडतो. पण तो सावकाश, पाळीपाळीने लढायचा, भरपूर वाचायचा गेम आहे. रात्री साडेनऊला घरी पोचलेला माणूस अर्ध्या तासासाठी तो उघडेल का? तुम्ही तो एकदाही हातात घेतलेला नाही. उलट एल्डन रिंगबद्दल तुमचं मत स्वतःच्या हाताने झालेलं आहे: खेळलात, मेलात, परत खेळलात आणि अजून डोक्यात आहे. दुसऱ्याच्या शिफारशीपेक्षा मी या मताला जास्त किंमत देते. म्हणून मोठ्या गेमपैकी पहिला एल्डन रिंग. तो संपल्याशिवाय दुसरा मोठा गेम नाही.

इट टेक्स टू हा तुमच्या यादीतला सगळ्यात शहाणा खर्च. हेझलाइट कंपनीचा हा 2021 चा गेम दोघांनी मिळूनच खेळायचा आहे, एकट्याला खेळताच येत नाही, आणि त्या वर्षीचा गेम अवॉर्ड्सचा सर्वोत्कृष्ट गेमचा मान त्याला मिळाला. घरातल्या एकुलत्या एक हॉलमध्ये पत्नी अभ्यास करणार आणि तुम्ही टीव्ही अडवणार, हा प्रश्न पैशांइतकाच खरा आहे. त्यात त्यांनाही वाटा मिळाला तर कन्सोल दोघांचा होतो. जुना गेम आहे, सेलमध्ये बराच खाली येतो.

अ‍ॅस्ट्रो बॉट गोड आहे, 2024 चा तोच मान त्याला मिळाला. पण छोटा आहे, दहा-बारा तासांत मुख्य प्रवास संपतो. पूर्ण किमतीला घेणार असाल तर डिस्कच घ्या आणि खेळून झाली की विका. तोवर कन्सोलमध्ये आधीपासून असलेला अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम खेळा, त्याला वेगळे पैसे नाहीत. स्पायडरमॅन 2 चंही तसंच: दोन-तीन आठवड्यांत संपेल, पुन्हा सुरुवातीपासून खेळणारे थोडे. सेकंडहँड घ्या, पुढे द्या.

डिस्क ड्राइव्ह असलेलाच कन्सोल घ्या, असं मी त्यासाठीच म्हणते. डिजिटल आवृत्ती घेताना स्वस्त पडते, पण वेगळा डिस्क ड्राइव्ह जोडला नाही तर प्रत्येक गेम सोनीच्या स्टोअरवरूनच घ्यावा लागतो आणि तो विकता येत नाही. शिवाय स्टोअरवर गेम डाउनलोड करायला सुरुवात केली की सहसा पैसे परत मिळत नाहीत. पीसीवर स्टीम या गेमच्या स्टोअरचा नियम बराच उदार आहे: घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर पैसे परत.

आता ईए एफसी, जिथे तुमच्या वडिलांचं बोलणं आठवावं. गेम दरवर्षी येतो आणि जुना वर्षभरात मातीमोल होतो. पण माझा आक्षेप त्याच्या अल्टिमेट टीम या प्रकाराला आहे. तिथे खरे पैसे देऊन पाकिटं घ्यायची आणि आत कोणता खेळाडू निघेल ते नशिबावर. बेल्जियमच्या जुगार आयोगाने 2018 मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरवलं आणि 2019 मध्ये ईए कंपनीला तिथे ती पाकिटं घ्यायचे पॉइंट्स विकणं थांबवावं लागलं. मित्रांबरोबर सोफ्यावर बसून सामने खेळायचे असतील तर आधीच्या वर्षाची सेकंडहँड डिस्क पुरते. दहा जणांच्या टोळीत कोणाला नव्या संघांची एवढी पडलेली नसते. आणि कन्सोलवर कार्ड कधीच सेव्ह करू नका. पैसे भरायचे तर गिफ्ट कार्डाने वॉलेटमध्ये ठरलेली रक्कम टाका. ती संपली की थांबायचं.

मग कधी घ्यायचा? पुढचे चार महिने 7,800 पैकी 5,000 आकस्मिक निधीत आणि 2,800 गेमच्या खात्यात टाका. दोन्हीसाठी वेगळ्या आरडी काढा. एकाच खात्यात ठेवलेले पैसे एकच होऊन जातात. बाइकचा हप्ता संपला की उरणारी रक्कम 12,000 होईल, ती निम्मी-निम्मी करा. दहाव्या महिन्यात आकस्मिक निधी 1,46,000 होईल, म्हणजे तेव्हाच्या 48,000 च्या मासिक खर्चाचे तीन महिने. गेमच्या खात्यात 47,200 असतील. मधे बोनस आला तर त्यातले वीसेक हजार इकडे वळवा, मग कन्सोल, दुसरा कंट्रोलर आणि एल्डन रिंग रोखीने येतो. बोनस नाहीच आला तर तीन महिने आणखी. गेल्या काही वर्षांत सणासुदीला पीएस5 वर काही हजारांची सूट मिळत आली आहे. तुमचा दहावा महिना दिवाळीच्या आसपास येत असेल तर महिनाभर मागेपुढे करा. इट टेक्स टू त्यानंतरच्या पहिल्या सेलमध्ये.

दहा महिने नुसते बसून काढावेत असं मी म्हणत नाही. घरचा जुना लॅपटॉप तुम्ही प्रश्नात धरलेला नाही. असेल तर त्यावर छोटे गेम उत्तम चालतात. स्टारड्यू व्हॅली एकट्या माणसाने बनवलेला, शेतीचा गेम आहे, आणि 2020 पासून तो एकाच स्क्रीनवर दोघांना खेळता येतो. हॉलो नाइट खेळलात तर एल्डन रिंगसाठी हात तयार होईल. एपिक स्टोअरवर दर आठवड्याला काही ना काही फुकट मिळतं. लॅपटॉप थोडा ताकदीचा असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा राजी हा गेम जरूर पाहा. आपल्याकडच्या देवादिकांवर, आपल्याकडच्या लोकांनी इतक्या मनापासून केलेला गेम विकत घेणं मला महत्त्वाचं वाटतं. यासाठी महिन्याला पाचशे रुपये घरखर्चातून धरा, त्याहून जास्त नाही.

दरम्यान पत्नीला नोकरी लागली तर हे वेळापत्रक निम्म्यावर येईल. तेव्हा मला पुन्हा लिहा, पण गेमसाठी नाही. दोन पगार झाले की एसआयपी 8,000 वरून किती करायची, हे आधी ठरवू. आणि बाइकचा शेवटचा हप्ता गेला की बँकेकडून एनओसी मागून घ्या आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवा. अर्ज परिवहनच्या पोर्टलवरून करता येतो. गाडी एमएच-43 असेल तर काम नवी मुंबईच्या आरटीओकडे येईल. एनओसीची मुदत उलटून जाऊ देऊ नका.