'स्टीअर क्लिअर ऑफ'चा अर्थ काय आणि ते कधी वापरायचं?

'स्टीअर क्लिअर ऑफ' म्हणजे धोका किंवा कटकट आधीच ओळखून तिच्यापासून चार हात लांब राहणं. शब्द मूळचे दर्यावरचेच: 'स्टीअर' म्हणजे सुकाणू धरून होडी वळवणं आणि 'क्लिअर' म्हणजे मध्ये मोकळं पाणी राखून. मालवणात सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडक आहेत. तांडेल तिथून होडी वळसा घालून नेतो, आपटल्यावर सावरत बसत नाही. अगदी तोच अर्थ. पुढे तो माणसांना, विषयांना, खाण्यापिण्यालाही लागू झाला. 'स्टीअर क्लिअर ऑफ हिम' म्हणजे त्याच्या वाटेला जाऊ नकोस. 'ही स्टीअर्स क्लिअर ऑफ पॉलिटिक्स' म्हणजे तो राजकारणाचा विषयच काढत नाही. आपण मराठीत 'पासून' म्हणतो, त्यामुळे हातून हटकून 'फ्रॉम' लिहिलं जातं. इथे 'ऑफ'च हवं. मात्र संकट अंगावर आलंच असेल तर हे कामाचं नाही. माडावरून नारळ सुटला की खालच्या माणसाला 'वॉच आउट!' असंच ओरडायचं. 'स्टीअर क्लिअर ऑफ दॅट ट्री' हा सल्ला पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, माडावर चढण्याआधीचा.