मिशिगनच्या १३ जागा आणि तुमचे प्रश्न

अमेरिकन काँग्रेसच्या निवडणुकीवर प्रश्न पाठवा म्हटलं तर बरेचसे मिशिगनचेच आले, त्यामुळे या वेळचा कॉलम सगळा मिशिगनचाच. प्रश्न थोडे छाटलेत, रागावू नका.

प्रश्न : आम्ही इथे आलो तेव्हा मिशिगनच्या १४ जागा होत्या, आता १३. एक जागा गेली कुठे? आणि आमच्या डिस्ट्रिक्टचा, म्हणजे मतदारसंघाचा, नंबर कसा काय बदलला?

हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, एकूण जागा ४३५ आणि तो आकडा फिक्स आहे, दर दहा वर्षांनी जनगणना झाली की त्याच ४३५ जागा राज्यांमध्ये परत वाटतात. मिशिगनची लोकसंख्या कमी झाली नाही हो, २०२० मध्ये एक कोटीच्या वरच निघाली, पण टेक्साससारखी राज्यं भराभर वाढली आणि मिशिगन मुंगीच्या पावलानं, म्हणून एक जागा गेली. हे दुखणं जुनंच आहे. गाड्यांच्या कारखान्यांचे चांगले दिवस होते तेव्हा, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकात मिशिगनला १९ जागा होत्या, त्या १८, १६, १५, १४ करत करत १३ वर आल्या. आता एका डिस्ट्रिक्टमध्ये साधारण पावणेआठ लाख माणसं येतात.

जागा गेली की नकाशा नव्यानं काढावा लागतो आणि नंबरही नव्यानं पडतात. फ्लिंट आधी ५ मध्ये होतं, आता ८ मध्ये. रशिदा टलीब १३ च्या खासदार होत्या, त्या १२ मध्ये गेल्या. यात सगळ्यात वाईट अवस्था झाली ती अँडी लेव्हिन आणि हेली स्टीव्हन्सची, दोघं डेमोक्रॅट, दोघंही विद्यमान खासदार, आणि २०२२ ला ११ मध्ये प्रायमरीत (पार्टीचा उमेदवार ठरवणारी ऑगस्टमधली निवडणूक, खरी लढत मग नोव्हेंबरला) एकमेकांसमोर उभे राहिले. स्टीव्हन्स आरामात जिंकल्या, लेव्हिन घरी बसले. तेव्हा जुने आकडे आणि नवे आकडे शेजारी शेजारी ठेवून "डिस्ट्रिक्ट ८ मध्ये मतं वाढली" वगैरे व्हॉट्सअॅपवर कोणी टाकत असेल तर दुर्लक्ष करा.

प्रश्न : नकाशा काढतं कोण? पुढारीच ना?

आधी पुढारीच काढायचे. विधिमंडळात ज्यांचं बहुमत, पेन त्यांच्या हातात, म्हणजे कुंपणानंच शेत खायचं. २०११ चा नकाशा रिपब्लिकन लोकांनी काढला आणि लगेच २०१२ ला काय झालं बघा, ओबामा मिशिगन जिंकले, हाउसच्या उमेदवारांची राज्यभरातली मतं मोजली तर डेमोक्रॅटना जास्त, आणि जागा? ९ रिपब्लिकन, ५ डेमोक्रॅट. विरोधकांची मतं चार-पाच डिस्ट्रिक्टमध्ये खच्चून कोंबायची, तिथे त्यांना ८०-८० टक्क्यांनी जिंकू द्यायचं आणि उरलेल्या ठिकाणी आपण बेताच्या फरकानं निघायचं, एवढीच त्यातली गोम.

मग २०१६ ची निवडणूक झाल्यावर केटी फेही नावाच्या तरुणीनं फेसबुकवर एक साधी पोस्ट टाकली की मला मिशिगनमधलं हे जेरीमँडरिंग, म्हणजे आपल्या सोयीच्या रेषा मारायचा खेळ, बंद करायचंय, कोणाला यायचं असेल तर सांगा. त्यातून मोहीम उभी राहिली, गल्लोगल्ली फिरून चार लाखांवर सह्या जमवल्या आणि २०१८ मध्ये लोकांनी नकाशाचं काम नागरिकांच्या कमिशनकडे द्यायचा प्रस्ताव ६१ टक्के मतांनी पास केला. मला अमेरिकन राजकारणातली ही गोष्ट फार आवडते, कारण यात एकही मोठा नेता नाही.

आता १३ सामान्य नागरिकांचं कमिशन नकाशा काढतं, ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन, ५ कोणत्याच पार्टीचे नसलेले, आणि त्यांची निवड अर्जांमधून चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखी होते. नकाशा पास करायला नुसतं बहुमत चालत नाही, तिन्ही गटांतली किमान दोन-दोन माणसं बाजूनं लागतात. नकाशांना झाडांची नावं दिली होती, डिसेंबर २०२१ ला काँग्रेससाठी जो पास झाला त्याचं नाव चेस्टनट. सगळं गोड गोड झालं असं नाही, याच कमिशननं राज्याच्या विधिमंडळासाठी काढलेले डेट्रॉइट भागातले १३ मतदारसंघ फेडरल कोर्टानं २०२३ मध्ये रद्द केले, वंश बघून रेषा मारल्या म्हणून. पण काँग्रेसच्या नकाशाचं म्हणाल तर २०२२ ला ७ डेमोक्रॅट ६ रिपब्लिकन, २०२४ ला बरोब्बर उलटं. ज्या राज्यात ट्रम्प एकदा जिंकतात, एकदा हरतात, परत जिंकतात, तिथे असंच व्हायला पाहिजे ना.

प्रश्न : १३ च्या १३ ठिकाणी लक्ष ठेवणं जमत नाही. नक्की कुठे बघायचं?

नोव्हेंबरमध्ये फक्त ३, ७, ८ आणि १० कडे बघा, बाकीचा निकाल साधारण आधीच ठरलेला असतो.

७ म्हणजे लॅन्सिंगचा भाग. २०२२ ला तिथे एलिसा स्लॉटकिननी टॉम बॅरेटना हरवलं, २०२४ ला त्या सिनेटला गेल्या, जागा रिकामी झाली आणि तेच बॅरेट निवडून आले. १० म्हणजे मुख्यतः मॅकोम काउंटी, तिथे २०२२ ला जॉन जेम्स जेमतेम १६०० मतांनी निघाले, तेही तीन लाखांवर मतं पडलेली असताना. ८ मध्ये फ्लिंट, सॅगिनॉ, बे सिटी, ती जागा १९७७ पासून किल्डी काका-पुतण्यांकडे होती, पुतण्या डॅन किल्डी थांबल्यावर २०२४ ला क्रिस्टन मॅकडोनल्ड रिव्हे यांनी ती डेमोक्रॅटिक पार्टीकडेच ठेवली. (घराणेशाही म्हणाल तर ॲन आर्बरचा ६ बघा, डिंगेल वडील १९३३ पासून, मग मुलगा तब्बल ५९ वर्षं, आणि २०१५ पासून सूनबाई डेबी डिंगेल.)

३ ची कथा मात्र ऐकण्यासारखी आहे. ग्रँड रॅपिड्स, म्हणजे जेराल्ड फोर्ड यांचं गाव, १९४९ ते १९७३ ते तिथूनच खासदार. २०२१ मध्ये तिथले रिपब्लिकन खासदार पीटर माइयर यांनी ट्रम्पच्या महाभियोगाच्या बाजूनं मत दिलं. झालं, पुढच्या प्रायमरीत ट्रम्पनी जॉन गिब्सला पाठिंबा दिला, आणि गंमत म्हणजे डेमोक्रॅट लोकांच्या कमिटीनंही गिब्सचं नाव पुढे करणारी जाहिरात केली, चार लाख डॉलरच्या वर खर्च करून, कारण त्यांना समोर कच्चा उमेदवार हवा होता. माइयर पडले, नोव्हेंबरमध्ये गिब्सही पडले आणि हिलरी शोल्टन जिंकल्या. डाव यशस्वी झाला खरा, पण स्वतःच्या पार्टीविरुद्ध मत द्यायची हिंमत केलेल्या माणसाला असं घालवणं मला तरी पटलं नाही.

प्रश्न : आपले श्री ठाणेदार डेट्रॉइटमधून कसे काय निवडून येतात? तिथे आपली माणसं किती असतील?

आपली माणसं मोजून ते गणित सुटणार नाही. ठाणेदार बेळगावात वाढलेले, केमिस्ट्रीतले डॉक्टरेट, ॲन आर्बरला स्वतःची कंपनी होती, २०१८ ला गव्हर्नरच्या प्रायमरीत तिसरे आले, मग डेट्रॉइटला राहायला गेले आणि २०२० ला राज्याच्या विधिमंडळात पोचले. २०२२ ला १३ नंबरची जागा मोकळी झाली, टलीब १२ मध्ये गेल्या होत्या आणि शेजारच्या ब्रेंडा लॉरेन्स निवृत्त होत होत्या. प्रायमरीत नऊ उमेदवार! मिशिगनमध्ये दुसरी फेरी नसते, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला, मग ती कितीही असोत. कृष्णवर्णीय मतं बाकीच्यांमध्ये वाटली गेली, ठाणेदारांनी स्वतःच्या खिशातून काही मिलियन डॉलर लावले, साधारण २८ टक्के मतं मिळाली आणि तेवढ्यात काम झालं. भांडण बाकीच्यांचं, लाभ यांचा. त्या डिस्ट्रिक्टमध्ये डेमोक्रॅट उमेदवार नोव्हेंबरमध्ये हरणं जवळपास अशक्य, म्हणजे खरी निवडणूक ऑगस्टमध्येच संपली.

आपल्याला अभिमान वाटतो ते ठीकच, पण १९५५ पासून डेट्रॉइटचा एक तरी कृष्णवर्णीय खासदार काँग्रेसमध्ये असायचाच, ती परंपरा त्या वर्षी तुटली, आणि तिथल्या लोकांना ते लागलं हेही समजून घ्यायला पाहिजे. २०२४ ला त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी अॅडम हॉलियर प्रायमरीच्या बॅलटवरच येऊ शकले नाहीत, उमेदवारीला मतदारांच्या १००० वैध सह्या लागतात आणि त्यांच्या बऱ्याच सह्या बाद ठरल्या.

प्रश्न : प्रायमरीत मत द्यायला पार्टीत नाव नोंदवावं लागतं का?

नाही, मिशिगनमध्ये मतदार यादीत पार्टी लिहीतच नाहीत. ऑगस्टमध्ये एकच कागद हातात येतो, त्यावर दोन्ही पार्ट्यांचे वेगवेगळे कॉलम असतात, तुम्ही कोणत्याही एकाच कॉलममधले गोल काळे करायचे. इकडचा एक तिकडचा एक असं केलंत तर पार्टीचा तो अख्खा भाग बाद. मशीन कागद बाहेर टाकून तुम्हाला सांगतं, तेव्हा लाजू नका, नवीन बॅलट मागून घ्या, मिळतो. नोव्हेंबरला असं बंधन नाही, तेव्हा हवी तशी सरमिसळ करा, नाहीतर वरचा एकच गोल काळा करून सगळी मतं एका पार्टीला द्या, ती सोयही २०१८ मध्ये लोकांनी मतदान करून परत आणलीय.

प्रश्न : मिशिगनचे निकाल टीव्हीवर नऊच्या आधी कधीच का सांगत नाहीत?

वर अप्पर पेनिन्सुलात विस्कॉन्सिनला चिकटून चार काउंट्या आहेत, तिथलं घड्याळ एक तास मागे चालतं. मतदान तिकडच्या आठला संपतं, म्हणजे डेट्रॉइटचे नऊ. ते सगळं डिस्ट्रिक्ट १ मध्ये येतं. त्यात मोजणी एका ऑफिसात नाही होत, गावागावांचे आणि टाउनशिपचे मिळून दीड हजारांवर क्लार्क आपापली निवडणूक चालवतात.

प्रश्न : ग्रीन कार्डवर मत देता येतं का? देणगी?

मत अजिबात नाही, चुकूनसुद्धा नाव नोंदवू नका, सिटिझनशिपच्या वेळी भयंकर महागात पडतं. ग्रीन कार्डवाल्यांना देणगी देता येते, एच-वन-बीवाल्यांना तीही नाही. आणि ज्यांची शपथ नुकतीच झालीय त्यांनी राहत्या गावाच्या क्लार्कच्या ऑफिसात पत्त्याचा पुरावा घेऊन जावं, मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत नाव नोंदवून तिथल्या तिथे मत देता येतं.