कॅलिफोर्नियात नर्सने स्वतःहून व्यसनमुक्ती कार्यक्रमात नाव घातलं, तर त्या कार्यक्रमाची समिती तिचं लायसन्स काढून घेते का?

नाही, लायसन्स रद्द करायचा अधिकार समितीला नसतोच. तो नर्सिंग बोर्डाचा. कायद्यानुसार समितीत तीन नर्स, एक डॉक्टर आणि एक बाहेरची व्यक्ती असते. कार्यक्रमात कोणाला घ्यायचं, उपचार कुठे, कामावर कधी परतायचं, औषधांचं कपाट हाताळायचं की नाही, हे ती ठरवते. नशेच्या पदार्थांच्या तपासणीचे नियम मात्र 2008 च्या कायद्याने नेमलेल्या समन्वय समितीने सगळ्या आरोग्य बोर्डांसाठी आखले आहेत. पहिल्या वर्षी 52 ते 104 वेळा, तेही न सांगता. आज लघवीचा नमुना द्यायचा का, ते रोज विचारायचं. बंदी असलेला पदार्थ सापडला की काम तात्काळ बंद. कडक वाटेल, पण समोर गुंगीतला रुग्ण असतो, त्यामुळे मला हे योग्यच वाटतं.

एक लक्षात ठेवा: कार्यक्रमातली गोपनीयता बिनशर्त नाही. रुग्णांना धोका आहे असं ठरवून कार्यक्रमातून काढलं, तर प्रकरण बोर्डाकडे जातं आणि तिथे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आणि ही समिती नर्सपुरतीच. डॉक्टरांसाठीचा मेडिकल बोर्डाचा जुना कार्यक्रम 2008 मध्येच बंद झाला.