लॉक लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका

कुर्त्यांचं कॅटलॉग, मॅन्युअल मोड, दोन लाईट, आणि साठ-सत्तर फ्रेम झाल्यावर पुढचे सगळे फोटो एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजळ. कॅमेरा दुरुस्तीला टाकू का, असं विचारलंय तुम्ही. हीच पाळी माझ्यावर येऊन गेलीय, म्हणून सविस्तर लिहितो.

लगेच टाकू नका. आधी फोटोंचा एक्झिफ, म्हणजे फोटोसोबत सेव्ह झालेली सेटिंगची नोंद, उघडा. ॲपर्चर एफ/११ चं एफ/८ झालेलं दिसलं तर कॅमेऱ्यात बिघाड नाही, डायल फिरलीय. आकडे तेच असतील आणि तरी फोटो उजळ असतील तर लाईटकडे बघा. ऑटो आयएसओ बंद वगैरे तुम्ही करतच असाल, त्यात जात नाही.

माझं सगळ्यात महागात गेलेलं काम कोल्हापूरच्या गुजरीतल्या एका सराफाचं. साज, ठुशी, बोरमाळ, चिंचपेटी, मिळून साठेक नग. काळी मखमल, कॅमेरा ट्रायपॉडवर आडवा, शटर स्पीड १/१२५, ॲपर्चर एफ/११, आयएसओ १००. शटरचं बटण नीट दबत नव्हतं म्हणून कॅमेरा त्याआधी दुरुस्तीला दिला होता. तीन आठवडे ठेवून घेतला आणि शूटच्या आदल्या दिवशी हातात दिला. पावतीवर शेरा एवढाच, तपासून ठीक.

त्यांनी कॅमेऱ्याची सगळी सेटिंग पुसून फॅक्टरीवर आणली होती. मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही मेनू उघडून बघितला नाही.

माझ्या बॉडीला, म्हणजे कॅमेऱ्याला, डायल चुकून फिरू नये म्हणून लॉकची पट्टी आहे. पण पट्टी सरकवल्यावर कुठली डायल बंद व्हायची, ते मेनूत ठरवावं लागतं. मी पुढची-मागची दोन्हीवर टिक केली होती. रिसेटनंतर फक्त मागची राहिली. पट्टी लॉकवर दिसत होती, मी निर्धास्त. नग बदलताना माझ्या पोराचा हात कॅमेऱ्यावरून जायचा, ब्लोअरनं मखमलीवरची धूळ उडवताना तो ट्रायपॉडला धरायचा. यातच कधीतरी शटर बटणाजवळची, म्हणजे पुढची, डायल घासली आणि १/१२५ चं १/३२० झालं. बॉडीचा सिंक, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारा जास्तीत जास्त शटर स्पीड, १/२००. त्याच्या वर गेलं की फ्लॅशचा उजेड पूर्ण फ्रेमवर पडत नाही, खाली काळा पट्टा येतो.

पांढरा कागद असता तर तो पट्टा पहिल्याच फ्रेमला दिसला असता. काळ्या मखमलीवर कसा दिसणार? साजाची वरची पानं, जवमणी झळझळीत आणि अगदी खालची दोन-तीन पानं मळकी, सोनं नसून पितळ असावं तशी. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर मला ती सावली वाटली. मी रिफ्लेक्टर सरकवला, सॉफ्टबॉक्स खाली घेतला, अर्धा तास त्यात घालवला. आकड्यांकडे बघितलंच नाही. रात्री घरी मोठ्या स्क्रीनवर बघितलं तेव्हा पोटात गोळा आला. तेवीस नग गेले होते. सराफाचा माल स्टुडिओत मुक्कामाला ठेवत नाहीत, संध्याकाळीच परत गेला होता. त्यातले काही ऑर्डरीचे दागिने गिऱ्हाइकांकडे पोचलेसुद्धा. ते परत काढता आलेच नाहीत. बाकीचे फुकट काढून दिले आणि ती पार्टी पुन्हा माझ्याकडे आली नाही.

दुरुस्तीवाल्यांना फोन केला. तिघांनी एकमेकांकडे फिरवला आणि शेवटी उत्तर मिळालं, सेटिंग हा ग्राहकाचा विषय. पावतीवर 'सेटिंग रिसेट केली' एवढी एक ओळ लिहायला काय जातं? याचा राग मला आजही आहे. दुसऱ्याच्या पोटापाण्याचं हत्यार हातात घेतलं तर त्याला काय केलं ते सांगायला नको?

तेव्हापासून कॅमेरा कुणाच्याही हातात देण्याआधी मेनूच्या एकेका पानाचा मोबाईलवर फोटो काढतो. शूटच्या आधी लॉक लावून प्रत्येक डायल स्वतःच्या अंगठ्यानं फिरवून बघतो, आकडा हलला तर लॉक नाही. स्टुडिओची सेटिंग सी१ किंवा यू१ सारख्या कस्टम मोडमध्ये, म्हणजे आपली सेटिंग साठवायच्या जागेत, ठेवलेली बरी, कॅमेरा बंद-चालू केला की बहुतेक बॉडीत मूळ आकडे परत येतात. बहुतेक म्हणतोय, कारण काही ठिकाणी बदललेला आकडाच आपोआप सेव्ह होण्याचा पर्याय असतो. तो बंद ठेवा. निकॉन डी८५० मध्ये शटर आणि ॲपर्चर वेगवेगळं लॉक करता येतं. तुमची बॉडी कुठली ते लिहिलं नाहीत, तेव्हा मॅन्युअल बघून घ्या.

लॉकच नसेल तर डायलवर मास्किंग टेप. लोक नाकं मुरडतात, मुरडू देत. फक्त पार्सलची चिकटपट्टी नको, उन्हाळ्यात तिचा गोंद रबरात उतरतो.

मिररलेस असेल तर अजून एक. फ्लॅशच्या सेटिंगला स्क्रीन काळी दिसते, मदतनीस ती बघून भाबडेपणानं ॲपर्चर उघडतो. स्क्रीनवर एक्स्पोजर दाखवायचा पर्याय स्टुडिओत बंद करा. लॅपटॉपला जोडून काढत असाल तर तिथल्या आकड्यांवर क्लिक करूनही सेटिंग बदलते, माऊस एकाच्याच हातात असू दे. लाईटच्या पॉवरच्या नॉबवर पेननं खूण करा. आणि दर वीसेक फ्रेमनंतर एक फ्रेम ग्रे कार्डाची, म्हणजे ठरावीक करड्या रंगाच्या कार्डाची, उजेड बदलला तर लगेच कळतं.

तुमच्या बाबतीत माझा अंदाज, खात्री नव्हे. कॅमेरा गळ्यात असेल आणि मॉडेलची ओढणी नीट करायला तुम्ही पुढे वाकत असाल, तर मागची डायल कमरेच्या पट्ट्याच्या बकलाला किंवा पोटाला घासते. एक स्टॉप म्हणजे साधारण तीन क्लिक, तेवढं त्यात सहज फिरतं. आकडा कितव्या फ्रेमपासून बदलला ते एक्झिफमध्ये बघा आणि तिच्या आधीच्या फ्रेमशी ओढणी जुळवून बघा. मधे ती नीट केलेली दिसली, तर दुरुस्तीचे पैसे वाचले.