स्लीव्हची, म्हणजे वजन कमी करायला पोट कापून लहान करतात त्या ऑपरेशनची, तारीख मिळालीय ना, मग हे वाच

ताई, ऑपरेशनआधी साधारण दोन आठवडे कमी कार्बचा डाएट देतात तो नीट पाळ, लिव्हर आकसतं त्यानं आणि दुर्बिणीतून काम करायला डॉक्टरला जागा मिळते. शेवटचं म्हणून शेंगा चटणी नि कडक भाकरी हाणायचं डोक्यात येतंच, येऊ दे, खाऊ नको. मिश्री लावत असशील तर आत्ताच बंद.

नंतर खरा ताप पाण्याचा. पोट एवढंसं उरतं, घटाघटा पिताच येत नाही, त्यात आपल्या सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळीशीच्या वर, तेव्हा बाटली हातातच ठेव आणि दिवसभर घोट घोट घे, फक्त जेवताना आणि नंतर अर्धा तास नको. आधी पातळ, मग मऊ, भाकरी बऱ्याच उशिरा. प्रोटीन रोज 60 ग्रॅम तरी हवं, डाळीच्या पाण्यानं ते होत नाही, सासूबाई काही का म्हणेनात. तीन-चार महिन्यांनी केस गळतात, बहुतेकींचे परत येतात. बी12, लोह, कॅल्शियम मात्र जन्मभर.

छातीत धडधड, ताप, सारखं पोट दुखणं असं काही झालं तर रात्र असली तरी डॉक्टरला फोन कर. आणि डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून ब्रुफेन आणायची नाही हां, अल्सर होतो.