शब्दशंका : वचनालाही ‘कमिट’, खुनालाही ‘कमिट’?

प्रश्न : ‘कमिट’ म्हणजे शब्द देणे, बांधील राहणे. मग खून, चोरी यांनाही तेच क्रियापद कसे? आणि ‘कमिटेड टू’पुढे ‘फिनिश’ लिहावे की ‘फिनिशिंग’?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मूळ लॅटिन ‘कोम्मित्तेरे’. ‘कोम्’ म्हणजे एकत्र, ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे. हवाली करणे आणि गुन्हा करणे हे दोन्ही अर्थ त्याला लॅटिनमध्येच होते. तेव्हा खुनाचा अर्थ वचनातून निघालेला नाही. वचनाचाच अर्थ पुष्कळ नंतरचा. स्वतःला एखाद्या कामाच्या हवाली केले, म्हणजे ‘कमिट वनसेल्फ’, की माणूस बांधला गेला. यातला ‘वनसेल्फ’ गाळून नुसते ‘कमिट टू’ म्हणणे तर अलीकडेच रुळले.

‘सोपवणे’ हा अर्थ आजही जिवंत आहे. ‘कमिट टू मेमरी’ म्हणजे पाठ करणे, ‘कमिट टू पेपर’ म्हणजे लिहून ठेवणे. खुनाचा खटला सत्र न्यायालयातच चालतो, म्हणून दंडाधिकारी तो तिकडे पाठवतात. वकिलांच्या भाषेत ‘केस सेशन्सला कमिट झाली’. ज्यांच्याकडे काम सोपवले, ती कमिटी.

‘करणे’ या अर्थी मात्र कर्म वाईटच हवे : गुन्हा, पाप, घोडचूक. सत्कृत्य ‘कमिट’ करता येत नाही. याच गुन्ह्याच्या छटेमुळे आत्महत्येबाबत हे क्रियापद टाळावे. ‘डाइड बाय सुइसाइड’ लिहावे. गेलेल्या माणसावर आणि त्याच्या घरच्यांवर भाषेने ठपका ठेवू नये.

आता ‘टू’. ‘कमिटेड टू’मधला ‘टू’ शब्दयोगी आहे. त्यापुढे ‘द वर्क’ ठेवून पाहा, वाक्य नीट बसते. म्हणून क्रियापद आले तर आयएनजी लावावा : ‘वुई आर कमिटेड टू फिनिशिंग द वर्क’. ‘कमिट वनसेल्फ’नंतर मात्र ‘टू फिनिश’ही शब्दकोशांना मान्य आहे. ‘कमिटेड फॉर’ चूक. मराठीतला ‘साठी’ डोक्यात असल्याने तो ‘फॉर’ शिरतो.

स्पेलिंगमध्ये एम नेहमी दोन. टीचे गणित प्रत्ययावर : ‘कमिट’मध्ये उच्चाराचा आघात शेवटच्या अवयवावर (सिलॅबलवर) आहे, म्हणून स्वराने सुरू होणारा प्रत्यय लागला की टी दुणावतो. ‘कमिटेड’, ‘कमिटिंग’, ‘कमिटल’ यांत दोन टी. ‘मेंट’ व्यंजनाने सुरू होतो, त्यामुळे ‘कमिटमेंट’मध्ये ‘मेंट’च्या आधी एकच. अर्जांत चुका होतात त्या इथे.